दोन सुतं जास्त

आमचे हे डावरे आहेत. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायीच झाला.

आमचं काम चाकूंची म्यानं करायचं. तलवारी-कट्यारींची नव्हेत हो! हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बरणीत उभे करून ठेवलेले असतात ना, घडी होणारे, लाल मुठीचे नाहीतर काळ्या मुठीचे, त्या स्वस्तातल्या चाकूंची. त्यांना आम्ही मापाप्रमाणे चामड्याचं म्यान शिवून देतो. लोक हसतात. "चाकूपेक्षा म्यान महाग?" असं आजवर किती जणांनी विचारलं असेल, देव जाणे. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "मग चाकू आणखी महागाचा घ्या, म्हणजे बरोबर होईल." माणूस हसतो आणि गुपचूप चाकू टेबलावर ठेवतो. कारण त्यालाही ठाऊक असतं, चांगला चाकू घरी कपाटात पडलेला असतो आणि दिवसभर हातात असतो तो हाच. दोऱ्या कापा, खोकी फोडा, वायर सोला. त्याची क्लिप महिन्याभरात तुटते, खिशाला भोक पडतं आणि एक दिवस तो कुठेतरी पडतो. मग माणूस नवा आणतो, तसाच, पण आठवडाभर चिडचिड करतो. हे मी बत्तीस वर्षं बघत आलेय.

घराची पुढची खोली म्हणजेच आमचा कारखाना. खिडकीपाशी लांब टेबल, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे झोपायची खोली. कापणं आणि शिवणं ह्यांचं काम. बाकीचं माझं. म्हणजे चाकू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा, चामडं कोमट पाण्यात भिजवायचं, ते त्या चाकूवर ठेवून अंगठ्याने दाबत दाबत त्याचा आकार उठवायचा, वाळवायचं. मग ते ह्यांच्याकडे शिलाईला. शिलाई झाली की परत माझ्याकडे. कडा कापून सारख्या करायच्या, लाकडाने घासून गुळगुळीत करायच्या, रंग, मेण, सगळं मी. लोकांच्या लेखी मात्र म्यानवाले ते. मी आपली म्यानवाल्यांची बायको. असो, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. निदान तेव्हा तरी नाही.

आता शिलाईचं सांगते. एकच लांब दोरा, मेण लावलेला, दोन्ही टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं आणि त्याच भोकातून एक सुई इकडून आणि एक तिकडून काढून दोन्ही हातांनी ओढायचं. एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत, म्हणून ही शिलाई. रेघ सरळ असली तरी प्रत्येक टाका जरा कललेला पडतो, वहीत एखाद्याचं अक्षर कलतं तसा. उजव्या हाताने आरी धरणाऱ्याचे टाके एका अंगाला कलतात, डावऱ्याचे दुसऱ्या. ह्यांचे टाके डावीकडे कललेले. ओळखणारे लांबून ओळखायचे आणि ह्यांना त्याचा कोण अभिमान! सहीच ती त्यांची. 

गेल्या थंडीत ह्यांची करंगळी बधिर झाली. मग तिच्या शेजारचं बोट, मग अंगठा. पाठोपाठ हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली आहे, वयाचं आहे, रबरी चेंडू दाबत जा. कापायचं काम मी हळूच माझ्याकडे घेतलं. "तुमचे डोळे थकलेत" म्हटलं, ते त्यांनी मानलं. डोळ्यांचं माणूस मानतो. शिलाईला मात्र हात लावू देईनात.

एका दुपारी माळी आला. आठवड्यापूर्वी नेलेलं म्यान घेऊन आला होता. शिवण उसवून तोंड वासलेलं. हे तेव्हा डॉक्टरकडे गेले होते, नशीब माझं. म्यान हातात घेऊन बघितलं. टाके कुठे लांब, कुठे आखूड, एक घट्ट तर दुसरा ढिला, भोकं नागमोडी. मी सगळं उसवलं, माळ्याला बाकावर बसवून ठेवलं आणि बत्तीस वर्षं बघून बघून शिकलेली शिलाई नव्याने घालून दिली. "काकांना सांगू नका," एवढंच म्हटलं. माळी भला माणूस, मान डोलावून गेला.

का नाही सांगितलं? तर हे ज्या म्हाताऱ्याकडे काम शिकले, त्याचा हात गेला तेव्हा त्याने आरी खाली ठेवली आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसला. अख्खं वर्ष तसाच बसला आणि तसाच गेला. हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी सांगितलं होतं. वर म्हणाले होते, "माझी शिलाई ज्या दिवशी परत येईल त्या दिवशी मीही आरी ठेवीन." तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य माझ्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजायला लागलं. 

तेव्हापासून ते सुरू झालं. हे सकाळी शिवायचे, जेवायचे आणि दोन ते चार झोपायचे. ती झोप पक्की. तेवढ्या वेळात मी त्यांचं काम उसवून परत शिवायची. आता त्यांच्याच भोकांतून शिवलं तर रेघ वाकडीच येणार. म्हणून मी साचा कापतानाच शिवणीच्या बाजूला दोन सुतं जास्त ठेवायला लागले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं माप, आमच्याकडेही तेच चालतं. त्या जादा पट्टीत त्यांची शिलाई पडायची. दुपारी मी ती पट्टी कापून टाकायची आणि आतल्या बाजूला, जिथे शिवण खरी असायला हवी तिथे, नवी घालायची. वर आणखी एक. टाके डावीकडे कलायला हवेत! मी पडले उजवी. मग म्यानाची पाठ आपल्याकडे करून शिवायचं, म्हणजे समोरून बघणाऱ्याला टाके उलटे कललेले दिसतात. करून बघा एकदा. रस्त्याने उलटं चालत जाण्यासारखं आहे ते. मान दुखते, डोळे दुखतात, आणि प्रत्येक टाक्याला ‘अगं, इकडून नाही, तिकडून’ असं स्वतःला सांगावं लागतं. दोन तासांत एक म्यान कसंबसं व्हायचं. चार वाजता त्यांना चहा.

उसवलेल्या पट्ट्या मी एका कापडी पिशवीत टाकून ओट्याखाली डब्यांच्या मागे ठेवायची. कचऱ्यात टाकल्या तर दिसतील, ही भीती. पण खरं सांगू? टाकवतही नव्हत्या.

आता ह्यांचं काय झालं ऐका. शिवून दिलेलं म्यान त्यांना दिसायचं ते एकदम रंग आणि मेण होऊन, तयार. ते खिडकीपाशी धरायचे, डोळे बारीक करून बघायचे. पहिल्या महिन्यात काही बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात एक दिवस म्हणाले, "अगं, हात परत आला बघ."

मी "चेंडूचा गुण," म्हटलं.

झालं! मग काय विचारता. दिवसातून चार वेळा चेंडू. येईल त्या गिऱ्हाइकाला चेंडूची महती. लिफ्ट दुरुस्त करणारा आला, त्याला पाच मिनिटं चेंडू दाबायला लावला. आमच्या मुलीचा दर रविवारी फोन येतो, ती दूर असते. ती केव्हापासून मागे लागली होती, "आई, बंद करा आता ते सगळं. इकडे या, एक खोली नुसती रिकामी पडलीय." तिलाही ह्यांनी ठणकावून सांगितलं, "बंद कशाला? माझा हात आता पूर्वीपेक्षा बरा चालतो." फोन माझ्याकडे आला तर मुलगी म्हणते, "आई, बाबा किती आनंदात आहेत गं!" मी म्हटलं, हो, आहेत. फोन ठेवला आणि उसवायला बसले.

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू? त्या रिकाम्या खोलीत नुसतं पडून राहायचं होतं. चामड्याचा वास नको, मेण नको, आरी नको. पण जायचं म्हणजे ह्यांना सांगायचं, आणि सांगितलं की खुर्ची वळणार भिंतीकडे. मी स्वतःच घातलेली गाठ ती, आता मलाच सुटेना. 

आणि मग ह्यांनी बारा म्यानांची ऑर्डर घेतली.

पार्सलच्या गोदामात खोकी फोडणाऱ्या बायका-पुरुषांसाठी. बारा जण, बाराही जणांकडे तेच लाल मुठीचे चाकू, गोदामानेच दिलेले. सुपरवायझर येऊन बसला होता आणि हे त्याला म्हणत होते, "पंधरा दिवसांत देतो. काय समजलात?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला खरोखर रडू आलं. पदराने तोंड पुसलं आणि चहा टाकला.

ते पंधरा दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. मान वळेना. डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं. भाजीत दोनदा मीठ पडलं, तर हे म्हणतात, "लक्ष कुठे असतं तुझं?" त्यांचं आपलं सकाळी शीळ वाजवत शिवणं चाललेलं. थरथरत्या हाताने, पण काय ऐटीत! कधी कधी त्यांच्याकडे बघून मला माया यायची आणि कधी कधी वाटायचं, तो चेंडू घ्यावा आणि खिडकीतून भिरकावून द्यावा.

बारावं म्यान शेवटच्या दिवशी दुपारी हातात घेतलं. शिवायचा लाकडी चिमटा गुडघ्यांत धरला, त्यात म्यान लावलं आणि शिवायला बसले. आणि काय सांगू, त्या दिवशी हात असा चालला! टाक्यामागून टाका, मनात काही नाही, कुठे अडणं नाही. तासाभरात संपलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काम करताना बरं वाटलं. मला वाटलं, सवय झाली. चारच्या आत कडा घासून झाल्या, रंग लावला, सकाळी बाराही म्यानं कागदात बांधून सुपरवायझरच्या माणसाच्या हाती दिली. हे तेव्हा दाढी करत होते.

तुमच्या लक्षात आलं असेल. मी ते समोर करून शिवलं होतं. तोंड माझ्याकडे, पाठ पलीकडे, माझ्या हाताला जन्मापासून जमतं तसं. म्हणून तर चाललं ना सुरेख! पण ते मला तेव्हा कळलंच नाही. दमलेल्या माणसाला आपण सोपं काही करतोय एवढंच कळतं, का सोपं आहे ते कळत नाही.

तीन आठवडे गेले. एका सकाळी दारात एक उंच, हसरी मुलगी उभी. गोदामातली. पट्ट्याला लावायची कडी जरा घट्ट करून हवी होती तिला. हे टेबलापाशी होते, मी कडा घासत होते.

"काका, तुम्हाला थँक्यू म्हणायचं होतं," ती आल्या आल्या म्हणाली. "आमची बाराही म्यानं खुंट्यांवर एकाला एक लागून असतात. बाकीच्यांची रोज भांडणं, हे तुझं का माझं. मी मात्र लांबूनच ओळखते. माझंच तेवढं उलट्या टाक्यांचं! मुद्दाम केलंत ना?"

माझा हात थांबला.

ह्यांनी म्यान घेतलं. खिडकीपाशी धरलं. डोळे बारीक केले. पोरगी हसत उभी. ह्यांनी ते उलटं करून पाठ बघितली, परत सुलटं केलं. मग म्हणाले, "हो. मुद्दाम." कडी माझ्याकडे दिली, मी ती घट्ट करून दिली. ती जाताना म्हणाली, "शेजारच्या गोदामातल्यांनाही हवीत, वीसेक. पाठवू का?" "सांगतो," हे म्हणाले. दार लागलं.

हे खिडकीपासून टेबलाशी आले.

"समोर करून शिवलंय ते," हे म्हणाले. "उजव्या हाताने."

मी टेबलावरचे दोरे गोळा करायला लागले.

"बाकीची अकरा?"

"पाठ माझ्याकडे करून."

"आणि त्याच्या आधीची?"

"तीही."

"कधीपासून?"

"माळ्याचं परत आलं तेव्हापासून. तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात."

त्यांनी मनात मोजलं असावं. आठ महिने. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मग माझी शिलाई कुठे गेली?"

मी उठले, ओट्याखालून पिशवी आणली आणि टेबलावर ठेवली. त्यांनी ती ओतली. चामड्याच्या पट्ट्या, बोटभर रुंदही नसलेल्या, वाळून गोल गोल झालेल्या, काहींत दोऱ्याचे तुकडे अडकलेले. ढीगच झाला. एकेक पट्टी उचलून ते अंगठ्याने भोकं चाचपायला लागले, पण बधिर अंगठ्याला काय लागणार? मग त्यांनी पट्टी ओठांवर धरली आणि ओठाने चाचपली. एक, दुसरी, तिसरी. मला ते बघवेना.

"मला आठ महिने वेड्यात काढलंस," ते म्हणाले. "अख्ख्या जगाला चेंडू दाबायला सांगत फिरलो मी. लाज नाही वाटली तुला?"

आणि माझा बांध फुटला. "कशाची लाज? मी चोरी केली का? दुपारी दोन तास मी मान मोडून उलट्या हाताने शिवत होते, कुणाचं नाव राहावं म्हणून? तुम्ही उठायचात आणि म्हणायचात, हात परत आला! एकदा तरी विचारलंत का, अगं, तुझे डोळे का लाल? तुझी मान का वळत नाही? बाराची ऑर्डर घेतलीत तेव्हा मी दारात उभी राहून रडले, माहिती आहे? मीठ जास्त पडलं तेवढं बरोबर कळलं तुम्हाला!"

"मग सांगायचं नाही?"

"सांगून काय करणार होतात? भिंतीकडे तोंड करून बसणार होतात!"

ते खिडकीपाशी जाऊन बसले. पट्ट्या तशाच टेबलावर. जेवण झालं, पण दोघांच्याही ताटात निम्मं तसंच राहिलं. दुपारी ते झोपायला गेले नाहीत. मीही उसवायला बसले नाही, उसवायला होतं काय!

पुढचे दोन दिवस ते खिडकीपाशी बसून होते. चेंडूला हात नाही, आरीला हात नाही. मी दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून डोकावायची, नुसतं तोंड कुणीकडे आहे ते बघायला. खिडकीकडे असलं की परत जायची. रविवारी मुलीचा फोन आला. मला वाटलं, आता काहीतरी सांगून टोलवतील. तर म्हणाले, "हाताचं विचारू नकोस. शिलाई तुझी आई करते. आठ महिने झाले." आणि फोन माझ्या हातात देऊन बाथरूममध्ये गेले. पोरगी तिकडून "आई? आई, काय झालं?" करतेय आणि मी फोन कानाला लावून बाथरूमच्या बंद दाराकडे बघतेय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालून आत आले आणि बघते तर खुर्ची भिंतीकडे! तशीच धावले. तर हे वाकून भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या खणात डोकं घालून बसलेले.

"काय शोधताय?" माझा आवाज चढलाच होता.

"ओरडतेस काय? माझा चाकू कुठे ठेवलायस?"

बटणांच्या डब्यात होता. काळ्या मुठीचा, क्लिप तुटलेला, पातं धार लावून लावून निम्मं झालेलं. लग्नाच्या आधीपासूनचा. बत्तीस वर्षं लोकांच्या चाकूंना म्यानं शिवली, ह्यांचा स्वतःचा मात्र बटणांत लोळतोय. मी काढून दिला.

"ह्याला म्यान शिवायचंय," ते म्हणाले. "साचा काप."

मी कागद घेतला, चाकू ठेवला, पेन्सिल फिरवायला लागले. शिवणीच्या बाजूला आले तशी सवयीने पेन्सिल जरा बाहेरून गेली. त्यांनी माझं मनगट धरलं.

"जास्त नको," म्हणाले. "जेवढं आहे तेवढंच."

मी खोडलं आणि आतून रेघ मारली.

चामडंही त्यांनीच दाबलं. म्हणाले, "बघू दे मला." आणि गंमत म्हणजे त्या थरथरत्या अंगठ्यांनी ते छान बसलं, मुठीवरचा खिळासुद्धा उठून दिसला. "हे तुझ्यापेक्षा बरं जमतंय मला," म्हणाले. मी म्हटलं, हो, उद्यापासून हेच करा. ते हसले नाहीत, पण त्यांनी ते ऐकलं एवढं मला कळलं.

शिलाईला नऊ दिवस लागले. एवढ्याशा म्यानाला! दिवसाला चार टाके, कधी पाच. सुई भोकात जायची नाही, गेली तर दोरा निसटायचा, मग आरी खाली पडायची. ती मी उचलून द्यायची आणि परत माझ्या जागी बसायची. एक टाका लांब, दुसरा आखूड, रेघ अशी की बघून मुंग्या येतील. माझे हात नुसते शिवशिवत होते. एकदा दुपारी ते डुलकी काढत होते, तर मी त्या म्यानापाशी जाऊन उभी राहिले, उसवायचं पातं हातात. खरंच. मग पातं खणात टाकलं आणि भांडी घासायला गेले.

मधेच गोदामाचा माणूस वीस म्यानांचं विचारायला आला. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. हे म्हणाले, "आठवड्याला दोन होतील. शिवणारं माणूस एकच आहे, तिला जेवढं जमेल तेवढं." त्याने विचारलं, "टाके तसेच ना, डावीकडे कललेले?" हे म्हणाले, "नाही. आता उजवीकडे कलतील. हवं असेल तर सांगा." तो म्हणाला, "टाक्याचं काय एवढं, पक्कं असलं म्हणजे झालं." आणि गेला. हे बराच वेळ दाराकडे बघत राहिले. बत्तीस वर्षांची सही, आणि तो म्हणाला टाक्याचं काय एवढं. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. जवळ जाऊन बसले, एवढंच केलं.

नवव्या दिवशी जेवण झाल्यावर ते पुन्हा शिवायला बसले. शेवटी तीन टाके उलटे घालून दोरा पक्का करायचा असतो. तिथे त्यांचा हात अडला. सुई दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा त्यांनी ती उचलली नाही. म्यान चिमट्यातून काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"शेवटचे तीन तू घाल."

मी घेतलं, आणि हात आपोआप फिरला, पाठ माझ्याकडे.

"अहं," ते म्हणाले. "तोंड तुझ्याकडे कर."

"वेगळे दिसतील."

"दिसू देत."

मी तोंड माझ्याकडे केलं आणि तीन टाके घातले. सरळ, घट्ट, उजवीकडे कललेले. त्यांनी दोरा त्याच चाकूने कापला, पातं मिटलं, चाकू आत सारला. जरा घट्ट गेला. घट्टच जायला हवा पहिल्यांदा. मग त्यांनी ते म्यान ओठांवर धरलं आणि शिवणीवरून शेवटपर्यंत नेलं. शेवटाशी जरा थांबले.

"जा, पड जरा," म्हणाले.

"ओटा आवरायचा राहिलाय."

"राहू दे. दोन वाजलेत. पड."

मी आतल्या खोलीत गेले आणि त्यांच्या जागेवर आडवी झाले. दिवसाउजेडी अंथरुणावर पडायचं मी विसरूनच गेले होते, पाय कुठे ठेवायचे तेही कळेना. बाहेरून लाकूड चामड्यावर घासल्याचा आवाज यायला लागला. हे कडा घासत होते. चुकीच्या दिशेने घासत होते, आवाजावरूनच कळत होतं. अहो, ते माझं काम आहे, असं ओरडून सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण तोवर माझा डोळा लागला होता.